कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपली जुनी माणसे सांगून गेली. या म्हणीचा रूढ अर्थ असा की, उगमाशी पाहायला गेले तर हाती काहीतरी क्षुल्लक लागते आणि थोरवीला उगाच उणेपणा येतो. पण गोदावरीच्या काठी जन्म काढलेल्या माणसाला, जो पैठणला नाथसागराचे अफाट पाणी पाहतो आणि ब्रह्मगिरीवर तीच गोदा ओंजळीत मावेल एवढी पाहतो, त्याला या म्हणीत आणखी एक अर्थ दिसू लागतो. नदी खाली येताना ओढे-नाले पोटात घेत जाते. कुळाची रीत याच्या उलटी आहे, ते मागे मागे जाताना, वाडवडिलांच्या दिशेने वर चढताना, परक्यांना पोटात घेत जाते. तीन-चार पिढ्यांपाशी थांबला तो म्हणतो, आमचे कूळ वेगळे. जो थांबलाच नाही त्याला मात्र 'आमचे' हा शब्द कुठवर ताणावा हेच कळेनासे होते. तेव्हा सज्जनहो, 'विचारू नये' ही आज्ञा अर्ध्या वाटेवर बसकण मारणाऱ्यासाठी असावी असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. ज्याच्यापाशी पूर्ण उत्तर ऐकून घेण्याचा धीर आहे, त्याने कूळ जरूर विचारावे. आणि आज ते आपण एका फुलपाखराचे विचारणार आहोत.

छत्रपती संभाजीनगरात ज्याच्या परसात लिंबाचे झाड आहे, त्याच्याकडे हा पाहुणा येऊन गेलेला आहेच. पैठण-पाचोडकडच्या, पलीकडे जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत तर तो बारमाही असतो. पंख काळे, त्यांवर पिवळट ठिपक्यांची दाट नक्षी, आणि मागच्या पंखांच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल रंगाचा एकेक लांबट ठिपका. उडणे सरळ आणि घाईचे. पावसाळ्यात ओल्या मातीवर त्याचे नर सोंड लावून बसतात तेव्हा एवढ्या घाईच्या जीवाला इतके स्थिर बसता येते याचेच नवल वाटते. याला कोणी लिंबाचे फुलपाखरू म्हणतात. शास्त्रातले नाव पॅपिलिओ डेमोलियस. आपल्या राज्याने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याचा मान केला ते ब्लू मॉर्मन याच्याच प्रजातीतले, आकाराने आणि रूपाने याहून भव्य. हे मात्र साधे, रोजचे, आणि बागायतदाराच्या लेखी तर शत्रूच, कारण याची अळी मोसंबीची कोवळी नवती फस्त करते.

कुळाचा विचार इथूनच, या अळीपासून सुरू करायला हवा. मादी नवतीवर उतरते, पंख फडफडवत ठेवूनच पुढच्या पायांनी पानावर भराभर टकटक करते, आणि मोहरीहून लहान, फिक्या पिवळ्या रंगाचे एकच अंडे ठेवून पुढच्या शेंड्याकडे जाते. त्या अंड्यातून निघणारी अळी काळपट, पाठीवर पांढरा पट्टा असलेली, हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी. पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून सरकून जावी म्हणून निसर्गाने दिलेले हे रूप. चारदा कात टाकली की ती एकाएकी पानासारखी हिरवी होते, मानेपाशी रुंद, अंगावर तिरके गडद पट्टे. मग एके दिवशी ती डहाळीला शेपटाकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन मागे रेलते आणि कोष होते: हिरव्या पानांत हिरवा, वाळल्या काटकीवर तपकिरी. त्या कोषातून निघते ते हे काळे-पिवळे फुलपाखरू. अंडे, काळी अळी, हिरवी अळी, कोष, पाखरू, अशी ही पाच रूपे, आणि एकाचे दुसऱ्याशी तोंडावळ्याचेही साम्य नाही. बागेत पंप घेऊन अळी मारणारा माणूस संध्याकाळी घरी झेंडूवर बसलेले हेच फुलपाखरू आपल्या नातीला कौतुकाने दाखवतो. त्याने दोघांनाही पाहिले, पण दोघे एकच आहेत हे पाहिले नाही. एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर आपले भागवत सांगितले, त्यातला अवधूत ज्या चोवीस गुरूंचे ऋण मानतो त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे आणि अगदी शेवटी भिंगुरटीने कोंडलेला कीटकही आहे, जो ध्यास घेता घेता रूप बदलतो. रूप बदलले तरी जो बदलत नाही त्याला ओळखणे, हा जो अध्यात्मातला पहिला धडा, तोच कुळाच्या शास्त्रातलाही पहिला धडा आहे. कारण रूपावर विसंबणाऱ्याला एका जीवाचेही कूळ सांगता येणार नाही, मग जीवसृष्टीचे कुठून सांगणार?

आता त्या हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचून पाहावे. तिच्या मस्तकामागून ओलसर, नारिंगी-तांबडे, दोन टोकांचे शिंग एकदम बाहेर येते, आंबट उग्र दर्प पसरतो, आणि क्षणात ते शिंग पुन्हा आत मिटते. मुंगी, माशी यांना हाकलण्याचे हे तिचे हत्यार. शाळेच्या पुस्तकात आपण संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ केली, त्यातल्या ज्या कुलात हे फुलपाखरू बसते त्याचे नाव पॅपिलिओनिडी. जगभर त्यात साडेपाचशेहून अधिक जाती आहेत. इंग्रजीत या कुळाला पाकोळीसारख्या शेपटीवरून ओळखतात, कारण त्यातल्या पुष्कळांच्या मागच्या पंखांना शेपटी असते. परंतु लिंबाच्या फुलपाखराला शेपटी नाहीच. मग ते या कुळात कशाच्या बळावर? त्या शिंगाच्या. हिमालयातल्या बर्फालगतच्या फुलपाखरापासून केरळातल्या पक्ष्याएवढ्या फुलपाखरापर्यंत या कुळातल्या प्रत्येकाच्या बालपणी ते दुशिंग असते, आणि दुसऱ्या कोणत्याही फुलपाखराच्या अळीला ते नसते. मला यात फार मोठे काही दिसते. कुळाची खूण मिरवायच्या ठिकाणी ठेवलेली नाही; ती बालपणात, अंगाच्या आत, संकटाच्या वेळीच बाहेर येणारी आहे. आपल्याही घरांत कुळाचार म्हणून जे खरे टिकते ते दिवाणखान्यात नसते, देवघरात आणि माजघरात असते.

त्या मादीच्या टकटकीकडेही पुन्हा वळून पाहायला हवे. फुलपाखराला पायांनी चव कळते. ती पान चाखत असते. ती लिंबावर अंडी घालते, मोसंबीवर घालते, कढीपत्त्यावर घालते, आणि वेरूळला घृष्णेश्वराच्या पिंडीवर ज्याची पाने वाहतात त्या बेलावरही घालते. लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांची सोयरीक आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते? पानांचा आकार निराळा, फळ निराळे, एकाचा मान स्वयंपाकघरात तर दुसऱ्याचा गाभाऱ्यात. वनस्पतिशास्त्र मात्र सांगते की ही सारी एका कुळातली, रुटेसीतली. पान उजेडात धरले की त्यात सुगंधी तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके सगळ्यांत दिसतात. हे माणसाने भिंगातून पाहून, फुलांचे पुंकेसर मोजून मोठ्या परिश्रमाने ठरवले. आणि या पाखराची मादी ते लाखो वर्षे पायाच्या अग्राने ओळखत आली. वर्गीकरण ही माणसाने निसर्गावर लादलेली कप्प्यांची मांडणी आहे असे जे म्हणतात, त्यांनी लिंबाच्या झाडापाशी घटकाभर उभे राहावे. कूळ आधी आहे, ओळखणारे नंतर आले, आणि ओळखणाऱ्यांतही आपला क्रम बराच मागचा आहे.

तरीही माणसाच्या ओळखण्याला एक गोष्ट लागते जी पाखराला लागत नाही, ती म्हणजे नाव. आणि कुळाच्या वाटेवर पहिली ठेच नावाचीच लागते. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या फुलपाखराला डेमोलियस म्हटले. त्याच्या काळी सगळीच फुलपाखरे पॅपिलिओ या एका नावाखाली होती. त्यांतल्या मोठ्या, रुंद पंखांच्यांना तो अश्वारूढ वीर म्हणे आणि ट्रॉयच्या युद्धातल्या दोन्ही पक्षांच्या योद्ध्यांची नावे त्यांना देई, जसे आपल्याकडे कोणी भीष्म-कर्णांची द्यावीत. डेमोलियस हा त्यातला ग्रीक पक्षाचा वीर. पुढे १७७५च्या सुमारास क्रेमर या डच अभ्यासकाने याच आशियाई फुलपाखराला एरिथोनियस असे आणखी एक नाव दिले. आफ्रिकेत याच्यासारखेच काळे-पिवळे एक फुलपाखरू आहे. त्यालाही एस्पर या जर्मन अभ्यासकाने १७९८ साली डेमोडोकस, म्हणजे होमरच्या काव्यातला अंध गायक, असे स्वतंत्र नाव दिले होते. तरी पुढे शतकभर अनेक थोर पंडित आफ्रिकेतल्याला डेमोलियस म्हणत राहिले आणि आपल्याकडच्याला एरिथोनियस. एकाच नावाचे दोन धनी आणि एकाच धन्याची दोन नावे! शेवटी जे नाव आधी दिले गेले ते ज्याला दिले त्याचेच, या नियमाने गुंता सुटला, आणि आपल्या लिंबावरच्याला डेमोलियस हे नाव परत मिळाले.

नाव आणि कूळ यांची ही ओढाताण पैठणला नवी नाही. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकले होते ती चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली. म्हणजे कूळ विचारण्याचा अधिकार आपला आहे असे मानणाऱ्यांच्या दारी कूळ सिद्ध करायला आली. तेव्हा कोणी म्हणाले की नावात काय आहे, हा पलीकडून येणारा रेडाही ज्ञानाच आहे. आणि ज्ञानदेवांनी ते हसून न टाळता मान्य केले, त्याच्या-माझ्यात भेद नाही म्हणाले. पुढचे आपल्याला ठाऊक आहे: रेड्याच्या पाठीवरचा आसूड ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटला आणि गोदेच्या नागघाटावर रेड्याच्या मुखातून वेद निघाले. ही कथा चमत्कार म्हणून आपण पुष्कळ ऐकतो. मला ती कुळाची व्याख्या म्हणून अधिक मोलाची वाटते. नावाने जोडता येते तितके जोडले, मग वेदनेने जोडले, मग वाणीने. आणि ज्या सभेने चौघांचे कूळ तपासायचे ठरवले होते तिच्यापुढे कुळाची मर्यादा माणसापाशी संपत नाही हे उभे राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे. लिंबाच्या या फुलपाखराची सख्खी भावंडे कोण? बारकाईने पाहणाऱ्यांनी पाच जातींचा एक लहान गट वेगळा काढला आहे. आशियाभर आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आपले डेमोलियस, आफ्रिकेतले डेमोडोकस, आणि उरलेली तिन्ही, मोरोंडावाना, ग्रोजस्मिथी, एरिथोनिऑइडीस, ही एकाच बेटावरची: मादागास्कर. या तिसऱ्या नावाचा अर्थच 'एरिथोनियससारखे', म्हणजे आपल्या लिंबावरच्यासारखे. १८९१ साली ग्रोज-स्मिथ या अभ्यासकाने ते दिले तेव्हा हिंदी महासागर ओलांडून त्याने हे साम्य टिपले होते. एवढी दोन प्रचंड खंडे आणि प्रत्येकी एकेक जात, आणि एका बेटावर तीन. कुळाचा विचार करणाऱ्याने इथे थबकायलाच हवे, कारण ज्या गावी एका आडनावाची घरे दाट असतात, त्या गावाकडे वंशावळ सांगणारा भाट आधी पाहतो.

ही वंशावळ २००४ साली झाखारोव, स्पर्लिंग, व्हेन-राइट आदी अभ्यासकांनी 'इव्होल्यूशन' या नियतकालिकात मांडली. त्यांनी पंखांच्या, अवयवांच्या साठ लक्षणांची तुलना केली आणि चार जनुकांतली सुमारे चार हजार अक्षरे वाचली. त्या चारांपैकी दोन जनुके पेशीतल्या तंतुकणिकांमधली होती, आणि तंतुकणिका प्राण्याला केवळ आईकडून मिळतात. बापाचा त्यात वाटा नसतो. म्हणजे शास्त्राने कूळ विचारायचे ठरवले तेव्हा पहिला प्रश्न आईला विचारला. हे वाचताना पैठणचेच स्मरण होते. तेव्हाचे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, जिथले सम्राट आपल्या नावाआधी आईच्या गोत्राचे नाव अभिमानाने लावीत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सह्याद्रीतल्या लेण्यांवर ती नावे दोन हजार वर्षे कोरलेली आहेत. आईकडून मोजलेले कूळ ही आपल्या मातीला परकी गोष्ट नव्हे.

आईच्या जनुकांनी, बाकीच्या जनुकांनी आणि साठ लक्षणांनी मिळून जे सांगितले ते असे: या गटाच्या बुंध्याशी सर्वांत आधी फुटलेल्या दोन फांद्या मोरोंडावाना आणि ग्रोजस्मिथी यांच्या आहेत. एरिथोनिऑइडीसचे निकटचे नाते आफ्रिकेतल्या डेमोडोकसशी आहे. आणि हा सगळा विस्तार मादागास्करमध्ये, मध्य मायोसीन काळात, म्हणजे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असावा. तिथून एक शाखा आफ्रिकेत गेली, एक आशियात आली. पाचोडच्या मोसंबीवर टकटक करणाऱ्या मादीचे माहेर, पिढ्यांच्या हिशेबात, हिंदी महासागरातले एक उष्ण बेट आहे.

इथे दख्खनच्या माणसाच्या मनात एक उत्तर आपोआप उभे राहते, आणि ते फार मोहक आहे. मादागास्कर आणि भारत एकेकाळी एकच भूमी होती हे आपण वाचलेले असते. मग हे पाखरूही त्या एकत्र घराची आठवण असेल, वाटणीच्या वेळी दोन्हीकडे राहिलेले. पण कालगणना हे मान्य करत नाही. भारत मादागास्करपासून सुटला त्याला सुमारे पावणेनऊ कोटी वर्षे झाली. ज्या काळ्या पाषाणात कैलास लेणे कोरले तो लाव्हारस वाहिला त्याला साडेसहा कोटी. हे पाखरांचे कूळ फुटले तेव्हा भारत कधीच आशियाला जाऊन भिडला होता आणि हिमालय उंचावत होता. दोघांच्यामध्ये महासागर पसरलेला होता. आफ्रिकेकडची बाजूही सोपी नाही, मोझांबिकची खाडी जिथे सर्वांत अरुंद तिथेही सुमारे चारशे किलोमीटर आहे. म्हणजे ही भावंडे जमिनीच्या वाटणीने दूर गेली नाहीत. ती पाणी ओलांडून गेली, वाऱ्यावर, कित्येक पिढ्यांच्या अंतराने, एखादीच गाभण मादी पलीकडे पोचली असेल अशा तऱ्हेने. भूमीचे नाते आणि कुळाचे नाते एकच मानण्याची आपली सवय किती खोल आहे, हे अशा वेळी कळते. एका मातीतले ते एका कुळातले, असे आपण सहज म्हणतो. वंशावळ विचारली की ती वेगळेच सांगते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, या अभ्यासकांनी उलट बाजूही मांडली होती. कदाचित मूळ आफ्रिकेत असेल, तिथून पुन्हा पुन्हा बेटावर वसाहती झाल्या असतील, आणि खंडावरच्या जुन्या शाखा नष्ट होऊन बेटावर तेवढ्या राहिल्या असतील. पण मग खंडावर एकच जात का उरावी याचे उत्तर त्यातून नीट मिळत नाही, आणि कमीत कमी गृहीतांनी अधिक समजावणारी पहिली मांडणीच त्यांना ग्राह्य वाटली. मलाही तीच पटते. तरी कुळाविषयी बोलताना एक अनुमान दुसऱ्याशेजारी नम्रपणे बसवून ठेवावे, ही शास्त्राची रीत मला श्राद्धाच्या पानांइतकी पवित्र वाटते.

श्राद्धाचे पान म्हटले की नाथांचा वाडा आठवतोच. पितृतिथीचा स्वयंपाक झाला, त्याचा सुगंध रस्त्यावर गेला, भुकेली माणसे थांबली, आणि नाथांनी ज्यांना कुळाच्या पंक्तीत स्थान नव्हते त्यांना आधी जेवू घातले. निमंत्रित ब्राह्मण रुसून गेले, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले, अशी ती कथा. यातले मर्म असे की, कूळ कोणते हे ठरवायचा अधिकार वारसांना वाटत होता, आणि पूर्वजांनी येऊन तो निवाडा फिरवला. पूर्वज वर असतात. वरून पाहणाऱ्याला फांद्या निराळ्या दिसत नाहीत. गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: विभागलेल्या भूतांत न विभागलेले एक तत्त्व पाहणारे ते सात्त्विक, प्रत्येकाला सुटेसुटे पाहणारे ते राजस, आणि एकाच कार्याला चिकटून तेच सर्वस्व समजणारे ते तामस. वर्गीकरणावर आक्षेप घेणारे समजतात की ते राजस ज्ञान आहे, सगळे सुटे करणारे. सुरुवातीला ते तसे असतेही. साठ लक्षणे सुटी केल्याशिवाय, डेमोलियस आणि डेमोडोकस यांची गल्लत निस्तरल्याशिवाय, कोण कोणाचा हे सांगता येत नाही. अविभक्ताचे दर्शन विभक्ताला टाळून होत नाही, विभक्तांतून होते. शब्दच तसा योजला आहे. जो म्हणतो सगळी फुलपाखरे सारखीच, त्याने एकत्व पाहिले असे होत नाही, त्याने पाहिलेच नाही. नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली तेव्हा एकेका शब्दाचे पदर असेच वेगळे करत नेले, आणि त्या वेगळे करण्यातून जे उभे राहिले ते एक होते.

हे विभागणे आणि जुळणे डेमोलियसच्या आत अजूनही चालू आहे. दक्षिण आशियात, पैठणपासून पूर्वेला दूरवर, यांच्यात फारसा फरक आढळला नाही. ही सगळी जणू काल-परवा पांगलेली आहेत. ऑस्ट्रेलियातली स्थेनेलस ही उपजाती मात्र वेगळी पडू लागली आहे. तिचे अन्नही वेगळे झाले: तिची अळी सहसा लिंबावर वाढत नाही, ती क्युलेन नावाच्या शेंगवर्गीय रानझाडांवर वाढते. आणि आपल्या काळ्या रानात उगवणारी, कोडावरच्या औषधात वैद्य वापरतात ती बावची या क्युलेनचीच सगी. लिंबाचे कूळ रुटेसी, बावचीचे कूळ शेंगांचे. वनस्पतिशास्त्राच्या उतरंडीत दोघांचा संबंध दूरचा. पण सोरालेन गटातली द्रव्ये बावचीतही आहेत आणि लिंबाच्या कुळातही, आणि पायांनी चाखणाऱ्या कोण्या मादीला ती ओळखीची लागली असावीत. वनस्पतींची दोन कुळे माणसाने वेगळी ठेवली होती, चवीने त्यांच्यात एक वाट काढली, आणि त्या वाटेवर फुलपाखराचे एक नवे कूळ कदाचित फुटते आहे.

पैठणच्या बागायतदाराला हे सांगताना संकोच वाटू नये. नवी कलमे लावली असतील तर ही अळी त्याचे खरे नुकसान करते, रोपवाटिकेत तर एका आठवड्यात पाने उरत नाहीत; सकाळी फिरून अळ्या हाताने वेचाव्या लागतात आणि वेचाव्यात. जुनी, वाढलेली झाडे मात्र चार पाने सहज सोसतात, तिथे पंप उचलण्याआधी थांबायला हरकत नाही. या कुळाची उतरंड अशी विचित्र झाली आहे की, धाकट्यांतली, सगळीकडे पसरलेली शाखा कीड म्हणून मारली जाते, आणि बुंध्याजवळच्या ज्या दोन थोरल्या, मोरोंडावाना आणि ग्रोजस्मिथी, त्या २००४ च्या अभ्यासाच्या वेळी धोक्यातल्या जातींत गणल्या गेल्या होत्या. मोरोंडावा हे मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाव, त्याच्या भोवती आपण ज्याला गोरखचिंच म्हणतो त्या वृक्षाच्या बेटावरच्या जाती ताठ उभ्या आहेत, आणि त्यांच्यामधले पानगळीचे रान शेतीसाठी जाळून जाळून तुटक झाले आहे. कुळातले वडीलधारे नाहीसे झाले तर वंशावळ वाचणारी अक्षरेच पुसली जातील. पैठणच्या अळीचे मूळ सांगणारा साक्षीदार पैठणला नाही, त्या रानात आहे.

आणि धाकट्या शाखेचा प्रवास थांबलेला नाही. ज्या २००४ साली ही वंशावळ प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास डेमोलियस पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये प्रथम दिसले. मग पोर्टो रिको, जमैका, क्युबा. तिथल्या लिंबू-संत्र्याच्या बागवाल्यांनी तेच विचारले जे विचारू नये म्हणतात, हा कुठला, कोणाचा. आणि पुन्हा आईकडून आलेल्या जनुकांनी उत्तर दिले की आग्नेय आशियातला, बहुधा माणसाच्याच मालाबरोबर आलेला. बेटावरून निघालेले कूळ खंड ओलांडून पुन्हा बेटांवर पोचले. क्युबाच्या लिंबांवर आधीपासून अँड्रिमॉन नावाचे एक फुलपाखरू राहते, काळे-पिवळेच, पण शेपटी असलेले. त्याचीही प्रजाती पॅपिलिओ, त्याच्याही अळीला डिवचले की मस्तकामागून तेच दुशिंग बाहेर येते. आता तिथे लिंबाच्या कुळातली तीच झाडे दोघांच्याही अळ्यांचे अन्न आहेत.